मदत हवी आहे: लॅटिन वारांचा क्रम होरेवरूनच (म्हणजे दर तासाच्या ग्रहस्वामीवरूनच) ठरला का?

शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र या क्रमाने दर तासाला एकेक स्वामी दिला, तर 24 ला 7 ने भागून बाकी 3 उरते, म्हणजे दुसऱ्या दिवशीचा पहिला तास तीन घरं पुढच्या ग्रहाचा येतो, आणि पहिल्या तासाच्या स्वामीचंच नाव वाराला मिळतं; म्हणून 'दिएस सातुर्नी' (शनिवार) नंतर 'दिएस सोलिस' (रविवार), मग 'दिएस लूनाय' (सोमवार). आपला होराक्रमही हाच. पण तिसऱ्या शतकात लिहिणारा रोमन इतिहासकार कॅसियस डिओ याच्या जोडीला संगीतातल्या सा-म अंतराची (त्याच क्रमात दर चौथा ग्रह घेण्याची) उपपत्तीही देतो. दोन्हींत उत्तर एकच येतं, त्यामुळे नुसत्या गणितानं निवाडा होत नाही. जुना लेखी पुरावाच हवा. ज्योतिषी व्हेटियस व्हॅलेन्सचा दुसऱ्या शतकातला ग्रीक उतारा आहे, पण तो लॅटिन नव्हे. डिओच्या आधीचा, तासांचे स्वामी स्पष्ट सांगणारा लॅटिन उतारा किंवा कोरीव लेख कुणाला माहीत आहे का? ग्रंथ, प्रकरण आणि ओळ दिलीत तर फार मदत होईल.