घोड्यांच्या कादंबऱ्या आणि थंडीच्या रात्री : तुमचेही अनुभव सांगा

मिरजकरीण

काल रात्री आमच्या रस्त्याने वरात गेली. बँड थांबला, माणसं पांगली आणि थोड्या वेळाने नवरदेवाची घोडी एकटी तिच्या माणसाबरोबर परत निघाली. सिमेंटच्या रस्त्यावर नुसत्या टापा. मी पांघरुणातून उठून गॅलरीत जाऊन उभी राहिले, ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत.

आमचे आबा मिरज स्टेशनवर टांगा चालवायचे. घोडी कुमेत (तांबूस रंगाची), कपाळावर चांदणी, म्हणून नाव चंदा. पहाटे तोंडाला बांधायच्या तोबऱ्यात भिजवलेले हरभरे, मग खरारा (अंग घासून साफ करणं), मग जुंपणी. मला खरारा करू द्यायचे तो फक्त मानेला आणि पुढच्या पायांना, मागच्या बाजूला जायची बंदी. पुढे रिक्षा वाढल्या, आबांचे गुडघे गेले आणि मी सहावीत असताना दिवाळी झाल्यावर चंदा विकली. कुणाला, ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही.

त्या हिवाळ्यात शाळेतल्या बाईंनी मला 'ब्लॅक ब्यूटी'चा छोटा मराठी अनुवाद दिला. घोडाच सगळं सांगतोय. मालक बदलला की नाव बदलतं, कुठे मऊ हात, कुठे चाबूक, लंडनमध्ये भाड्याची गाडी ओढणं. जिंजर नावाच्या घोडीचं काय होतं ते वाचून मी जेवले नव्हते. पण शेवटी म्हातारपणी तो चांगल्या घरी जातो आणि पूर्वी त्याची देखभाल करणारा पोरगा, आता मोठा झालेला, त्याला ओळखतो. मी मनाशी ठरवून टाकलं की चंदाही अशाच घरी गेली असणार. त्याच्यावर तो हिवाळा काढला.

मोठेपणी मूळ पुस्तक वाचलं तेव्हा कळलं की ते मुलांसाठी लिहिलेलंच नव्हतं, घोडे सांभाळणाऱ्यांसाठी होतं. ॲना स्युएलचा पाय लहानपणीच अधू झाला, कुठेही जायचं तर घोडागाडी. हे एकच पुस्तक तिने आजारपणात लिहिलं. १८७७च्या अखेरीस ते आलं आणि १८७८च्या एप्रिलमध्ये ती गेली. श्रीमंतांच्या गाड्यांना दिमाखासाठी घोड्याचं डोकं वर ताणून बांधायचे, त्या लगामावर ती ज्या कळकळीने लिहिते ते वाचून मला आबांचा आवाज ऐकू येतो. "मान मोकळी सोड, त्याशिवाय चढाला जोर कुठनं लावंल ते?"

तर यंदाच्या थंडीसाठी कादंबऱ्या सुचवा, आणि नुसती नावं नकोत, तुमची आठवणही लिहा. अट एकच, त्यात घोडा हा घोडा असला पाहिजे. आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत घोडे हजारोंनी दौडतात, पण मुक्कामाला त्यांना चंदी कोण घालतं, नाल निघाला तर काय होतं, हे मला फार क्वचित सापडलंय.

सुप्रिया_ठाणे

चंदाचं वाचून रडले गं. कुकर लावलाय, नंतर येते.

तापीकाठ

दत्तजयंतीला सारंगखेड्याला या! एकमुखी दत्ताची यात्रा आणि घोडेबाजार, तापीच्या काठी. मारवाडी, काठेवाडी जातीचे घोडे, पांढरे नुकरा, दोन रंगांचे अबलख, सगळं बघायला मिळेल. काठेवाडीचे कान बघा एकदा, टोकं आत वळून एकमेकांना टेकतात. जाणते लोक आधी अंगावरचे केसांचे भोवरे बघतात, मग दात, मग चाल. रेवाल चालीचा घोडा असला तर वर बसलेल्याच्या हातातला पाण्याचा पेला हिंदकळत नाही म्हणतात. मी घेणारा नाही, पण दरवर्षी जातो. वडील न्यायचे, आता मी मुलाला नेतो.

त्या चालीवरून आठवलेली कादंबरी म्हणजे चिंगीझ ऐतमातोवची 'फेअरवेल, गुलसारी'. १९६६ची, किर्गिझस्तानातली. तनाबाई (हा बुवा आहे, बाई नव्हे) नावाचा म्हातारा आणि त्याचा म्हातारा घोडा रात्री घरी निघालेत, घोडा वाटेतच थकून बसतो आणि म्हातारा रात्रभर त्याच्याजवळ बसून सगळं आयुष्य आठवतो. गुलसारी हा तसल्याच मऊ चालीचा घोडा. शर्यती मारणारा, कळपात स्वतःच्या मर्जीने वावरणारा. सामुदायिक शेतीच्या अध्यक्षाला तो स्वतःच्या बुडाखाली हवा असतो, घोडा काही राहत नाही, सारखा पळून कळपात येतो. मग त्याचं काय करतात ते इथे लिहवत नाही. इंग्रजीत वाचली मी, अडखळत. तरी संपेपर्यंत सोडली नाही.

मिरजकरीण

@तापीकाठ, हे अगदी मला हवं होतं तसं. आणि तनाबाई म्हातारा आहे हे सांगितलंत ते बरं केलंत, मी खरंच आजी समजले असते.

रविवारचा_वाचक

महालक्ष्मीच्या रेसकोर्सजवळ बालपण गेलं. हिवाळा म्हणजे मुंबईचा शर्यतींचा हंगाम, फेब्रुवारीत डर्बी. शर्यतीच्या दिवशी आम्हाला आत सोडायचे नाहीत, पण पहाटे कुंपणापाशी उभं राहिलं की सराव दिसायचा. धुक्यात आधी आवाज, मग नाकातली वाफ, मग घोडा. सईस (घोडे सांभाळणारे) लोक एकेका घोड्याशी बोलत चाललेले असायचे, कुणी तेलुगूत, कुणी हिंदीत, कुणी मराठीत.

तुम्हाला डिक फ्रान्सिस देतो. हा आधी जॉकी, मग लेखक. १९५३-५४चा विजेता जॉकी. १९५६च्या ग्रँड नॅशनल या इंग्लंडमधल्या अडथळ्यांच्या शर्यतीत तिथल्या राजमातेचा डेव्हन लॉक हा घोडा घेऊन तो सगळ्यांच्या पुढे होता. शेवटचा अडथळा पार झालेला, विजयरेषा पन्नासेक यार्डांवर, आणि घोडा अचानक पोटावर बसला! का, ते आजतागायत कुणी ठामपणे सांगू शकलेलं नाही. पुढच्या वर्षी निवृत्त झाला आणि १९६२ला पहिली कादंबरी आली, 'डेड सर्ट'. रहस्यकथा आहे, पण अडथळ्यांच्या शर्यतीत पहिल्याच पानापासून तुम्ही खोगिरावर बसलेले असता. इंग्लंडमध्ये या शर्यतींचा मुख्य हंगाम हिवाळाच, त्यामुळे चिखल, गारठा, गोठलेली बोटं हे सगळं आलंच. ४०च्या वर कादंबऱ्या आहेत, एक आवडली तर उन्हाळ्यापर्यंतची सोय झाली.

गणेश_वि

मत पटेल न पटेल. घोडा माणसासारखा बोलतो ते मला वाचवत नाही. लहानपणी ठीक होतं. घोड्याला जे कळत नाही ते त्याच्या तोंडी घालायचं म्हणजे घोड्यावर अन्यायच.

मिरजकरीण

@गणेश_वि, तुमचं म्हणणं कळलं आणि बऱ्याच पुस्तकांबाबत ते खरं आहे. पण तोल्स्तोयची 'खोलस्तोमेर' वाचलीत का? १८८६ची, कादंबरी नाही, दीर्घकथा. तट्टू नव्हे, जातिवंत चालीचा पण अबलख, म्हणून लहानपणापासून हिणवलेला. आता म्हातारा झालाय, तरुण घोडे त्रास देतात. मग रात्री कळपाला तो आपली हकिगत सांगतो. त्यात एक जागा आहे, 'माझं' हा शब्द त्याला कळतच नाही. माणसं माझी जमीन म्हणतात नि त्या जमिनीवर पाऊल ठेवत नाहीत, माझा घोडा म्हणतात नि त्याला चारा दुसराच कुणी घालतो. घोड्याला न कळणारी गोष्ट घोड्याच्या तोंडून अशी येते की माझ्याच घराकडे मी दोन दिवस वेगळ्या नजरेने बघत होते. एकदा वाचा, मग आपण बोलू.

गणेश_वि

वाचतो. 'माझं'बद्दलचं आवडलं.

लाल_माती

आम्ही माथेरानचे. घरी तीन घोडे, वडील अजून दस्तुरीपासून (मोटारी तिथवरच येतात) पर्यटक नेतात. वर मोटारी चालत नाहीत म्हणून वर्षानुवर्षं घोडा, हातरिक्षा नाहीतर स्वतःचे पाय हेच असायचं. मी कादंबऱ्या फार वाचलेल्या नाहीत, पण सगळा धागा वडिलांना वाचून दाखवला. २०२०ला सगळं बंद होतं तेव्हा माणसांचं कसंही भागलं, घोड्यांच्या चंदीचं कसं करायचं हा प्रश्न होता. वडील रात्री उठून त्यांच्याजवळ जाऊन बसायचे. तोल्स्तोयचा 'माझा घोडा' भाग ऐकून म्हणाले, "ह्यानं घोडा पाळला असणार." त्यांना वाचून दाखवता येईल असं मराठीत काही असेल तर सांगा.

मिरजकरीण

@लाल_माती, 'ब्लॅक ब्यूटी'च घ्या, मराठीत आहे. जेरी बार्कर नावाचा गाडीवान वडिलांना नक्की आवडेल. तो रविवारी घोड्याला सुट्टी देतो, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल म्हणतो. संक्षिप्त नको, मोठं पुस्तक बघा. आणि हो, तोल्स्तोयने घोडे पाळले होते, भरपूर!

दिंडीतला

विषय कादंबरीचा आहे पण राहवत नाही. रिंगण पाहिलंय का कुणी? माउलींचा अश्व अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येतो, बेळगाव जिल्ह्यातून चालत आळंदीला. त्याच्या पाठीवर कुणी बसत नाही, माउली बसलेत असं मानतात. दुसऱ्या घोड्यावर जरीपटका घेतलेला स्वार. रिंगणात तो मोकळा अश्व सुटला की हजारो माणसं श्वास रोखतात आणि तो गेल्यावर टापांखालची माती कपाळाला लावायला धावतात. माझ्या आईच्या डबीत अजून ती माती आहे. यावर कुणी कादंबरी लिहावी. घोड्याच्या चालण्यापासून सुरू करावी, अंकली ते आळंदी.

सुप्रिया_ठाणे

आले परत. @दिंडीतला, अंगावर काटा आला.

मुलीला (वय १०) काय देऊ? सध्या तिला कोडी घालतेय. घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडलं? उत्तर एकच, न फिरवल्यामुळे. ती म्हणे, घोडा का अडेल, त्याला फिरावंसं वाटलं नसेल!

तापीकाठ

पोरगी घोडेवाली आहे. सारंगखेड्याला आणा.

लंडनची_थंडी

@सुप्रिया_ठाणे, मार्गरेट हेन्रीचं 'किंग ऑफ द विंड' द्या. १९४८चं, पुढच्या वर्षी न्यूबेरी पदक (अमेरिकेतलं बालसाहित्याचं) मिळालेलं. मोरोक्कोतून निघालेला घोडा आणि त्याला सांभाळणारा, बोलू न शकणारा मुलगा आग्बा. तबेल्यापासून तबेल्यापर्यंत दोघं एकमेकांना सोडत नाहीत. 'गोडॉल्फिन अरेबियन' हा खराखुरा घोडा होता, आजच्या शर्यतीच्या थरोब्रेड जातीच्या घोड्यांच्या तीन मूळपुरुषांपैकी एक. गोष्ट मात्र बरीच कल्पनेतली.

माझी आठवण 'वॉर हॉर्स'ची. मायकेल मॉर्पर्गोची १९८२ची कादंबरी, डेव्हनच्या शेतावरचा जोई पहिल्या महायुद्धात जातो. मी आधी नाटक बघितलं. मोठ्ठा बाहुला घोडा, दोन माणसं पोटात, एक डोक्यापाशी, लपलेली नाहीत, समोर दिसतात. दहा मिनिटांत ती दिसेनाशी होतात आणि उरतो तो कान हलवणारा, श्वास घेणारा घोडा. शेजारी माझे सासरे बसले होते, सातारकडचे, सैन्यातून निवृत्त. एरवी नाटकात झोपणारा माणूस. मध्यंतरात एवढंच म्हणाले, "जनावराला कुठली बाजू माहीत असते?" तेव्हाचा तो इथला पहिला डिसेंबर मला सोपा गेला.

रविवारचा_वाचक

@लंडनची_थंडी, सासऱ्यांना नमस्कार सांगा.

लंडनची_थंडी

आता नाहीत ते. पण सांगितला असं समजा. 🙏

हर्षदा

कुणी 'हार की जीत' कशी नाही काढली? शाळेत हिंदीला होती. सुदर्शनची. बाबा भारती, सुलतान घोडा, खडगसिंग डाकू. अपंगाचं सोंग घेऊन तो घोडा पळवतो आणि बाबा त्याला एवढंच विनवतात की हे कुणाला सांगू नकोस, नाहीतर लोक दीनदुबळ्यांवर विश्वास ठेवायचे नाहीत. कादंबरी नाही माहितीये. पण रिकाम्या तबेल्याकडे सवयीने पावलं वळतात ना त्यांची, ते आठवलं आबांचं वाचून.

पाटील_बारामती

थंडीत वाचायची तर विश्वास पाटलांची 'पानिपत' (१९८८). युद्धच १४ जानेवारीचं. आपली माणसं उत्तरेच्या थंडीत, रसद तुटलेली, चारा संपलेला. मी पहिल्यांदा वाचली ती उसाला पाणी द्यायला रात्रपाळीला जायचो तेव्हा, बॅटरीच्या उजेडात, कानटोपी घालून. छावणीची उपासमार वाचताना डबा उघडवेना. घोडा ज्याचा मेला तो स्वार निम्मा तिथंच मेला, हे मला त्या पुस्तकानं कळलं.

आणि भीमथडी तट्टाबद्दल कुणीतरी लिहा राव. अंगानं लहान, काटक, मिळेल त्यावर राहणारं. मराठ्यांची धाव त्या तट्टांच्या पायावर. आता स्वतंत्र जात म्हणून नोंद झालीय त्याची, पण कादंबरीत उमदे अरबीच दौडतात.

हर्षदा

+१ भीमथडीला. आणि संताजी-धनाजी पाण्यात दिसणारे मोगलांचे घोडे, त्यांच्या बाजूनेही कुणीतरी लिहा, बिचारे तहानलेले!

नालबंद_नातू

हरभरे किती तास भिजवायचे तुमचे आबा? आमच्याकडे रात्रभर, आणि सोबत गव्हाचा कोंडा. कोरडे दिले तर पोटशूळ. आजोबांनी तेवढ्यावरून एका गिऱ्हाइकाला नाल ठोकून द्यायला नकार दिला होता, म्हणाले आधी घोडा नीट सांभाळ मग नालाचं बोलू.

मिरजकरीण

@नालबंद_नातू, रात्रभरच. बादलीवर ओलं फडकं. तुमच्या आजोबांचं आणि आबांचं जमलं असतं.

धागा वाचून आत्ता आईला फोन केला. आई म्हणाली, चंदा म्हैसाळकडे एका मळ्यात गेली होती, टांग्याला नाही. आबा सायकलवरून जायचे कधीकधी, गुडघे दुखत असताना, खिशात गुळाचा खडा घेऊन. आम्हाला का सांगितलं नाही विचारलं तर म्हणाली, "तुम्ही पोरं मागं लागला असता, तिला परत आणा म्हणून."

सुप्रिया_ठाणे

अगं!!

लाल_माती

वडिलांना सांगितलं हे. काही बोलले नाहीत, उठून घोड्यांकडे गेले.

तापीकाठ

ताई, गुलसारीची माझी प्रत पोस्टाने पाठवतो, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मार्चपर्यंत ठेवा, घाई नाही. पानं सुटलीत थोडी, मधली चार पानं दोऱ्याने शिवलेली आहेत, जपून उघडा.