एका जिल्ह्याला एकच गॅसवाला का? उद्यमबागेतून एक प्रश्न

भट्टीवाला (उद्यमबाग)

बेळगावच्या उद्यमबागेत माझा हीट ट्रीटमेंटचा, म्हणजे भट्टीत धातू तापवून मजबूत करायचा, छोटा कारखाना आहे. फाउंड्री आणि फोर्जिंगवाल्यांचं जॉबवर्क करतो. आधी डिझेल होतं, आता एलपीजी, दिवसाला 19 किलोच्या सहा टाक्या. गेल्या महिन्यात पाइपच्या गॅसचा करारनामा हातात पडला. दर कंपनी ठरवणार आणि पंधरवड्याला बदलू शकणार. मी ठरलेल्या मापापेक्षा कमी गॅस जाळला, तरी त्या मापाचे पैसे भरायचे. म्हणजे दिवाळीला कामगार गावाला गेले, भट्टी गार पडली, तरी बिल चालूच. मी विचारलं, दुसऱ्या कुणाकडून घेतला तर? उत्तर आलं, "या जिल्ह्यात दुसरा कुणी नाही आणि येऊ शकत नाही."

ते "येऊ शकत नाही" माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून थोडं वाचलं. 2006 च्या कायद्याने पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ आलं. मंडळ देशाचे भाग पाडतं, त्याला भौगोलिक क्षेत्र म्हणतात. बोली जिंकणाऱ्या एकाच कंपनीला त्या भागात पाइप टाकायचा परवाना मिळतो. पाइप टाकायची मक्तेदारी 25 वर्षं. गॅस विकायची मक्तेदारी आधी 5 वर्षं होती, 2018 च्या नवव्या फेरीपासून 8 केली. दाभोळ-बेंगळूरु ही गेल या सरकारी कंपनीची मोठी वाहिनी 2013 पासून आपल्या जिल्ह्यातून जाते. गॅस आमच्या जमिनीखालून वाहतोय आणि तो कुणाकडून घ्यायचा हे दिल्लीत ठरतंय!

माझं म्हणणं सरळ आहे. पाइप एकाचाच राहू दे, पण त्यातून विकायला चारजणांना सोडा. आणि आम्ही दहा-बारा भट्टीवाल्यांनी सोसायटी काढून थेट बाजारातून गॅस घेतला तर कायदा काय म्हणतो, हे जाणकारांनी सांगावं.

---

निवृत्त पाइपवाला

जाणकार म्हणवत नाही, पण या धंद्यात केस पांढरे केलेत. तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, भांडण नंतर.

सोसायटीने गॅस घ्यायचा तर तीन दारं ओलांडावी लागतील. पहिलं दार खरेदीचं. 2020 पासून देशात गॅसचा एक्स्चेंज आहे, आयजीएक्स. सदस्यामार्फत तिथे सौदा करता येतो, ते दार त्यातल्या त्यात उघडं आहे. दुसरं दार मोठ्या वाहिनीत जागा आरक्षित करायचं. तिथे वाहतुकीचा करार होतो आणि जागा घेतली पण वापरली नाही तरी भाडं लागतं. म्हणजे ज्या अटीवर तुम्ही चिडलात तीच अट तिथेही. आज जितका गॅस सांगितला आणि जितका उचलला त्यात फरक पडला तर त्याचा दंड वेगळा. तिसरं दार गावातल्या जाळ्याचं, आणि त्याला कुलूप आहे. दिवसाला 50,000 घनमीटरपर्यंत गॅस लागणाऱ्या ग्राहकाने तो शहर वितरण कंपनीकडूनच घ्यायचा, असा नियम आहे. त्यावर गेलात तर तुम्हाला पर्याय. ही मर्यादा ग्राहकागणिक आहे, बाराजणांची बेरीज करून भागत नाही.

आता भांडण. मक्तेदारी नसती तर पोलादी पाइप टाकला कुणी असता? पैसा आज जमिनीत पुरायचा आणि तो निघायला पंधरा वर्षं. जिंकणाऱ्याला फुकटात काही मिळत नाही. नवव्या फेरीपासून बोलीत 50% गुण घरगुती जोडण्यांना, 20% सीएनजी पंपांना आणि उरलेले पोलादी वाहिनीच्या लांबीला आणि वाहतूक दराला. जो आकडा लिहून दिला तो वर्षवार पुरा करायचा, त्यासाठी बँक हमी गहाण. आधीच्या फेऱ्यांत बोलीत दरालाच मोठं वजन असायचं, तेव्हा लोकांनी एक पैसा दर लिहून भाग जिंकले. एक पैसा! तो घोळ बघूनच नियम बदलले.

---

भट्टीवाला (उद्यमबाग)

काका, तीन दारांबद्दल आभार. पण 50,000 चा हिशेब बघा. माझ्या सहा टाक्या म्हणजे पाइपचा गॅस साधारण दीडशे घनमीटर. म्हणजे मला पर्याय हवा असेल तर माझ्यासारख्या तीनशेहून जास्त भट्ट्या एकाच छपराखाली आल्या पाहिजेत. विजेचं बघा. 1 मेगावॉटच्या वरच्या ग्राहकाला बाहेरून वीज घ्यायची मुभा होती, हरित विजेसाठी ती अट 2022 मध्ये 100 किलोवॉटवर आणली. उष्णतेच्या मापाने 50,000 घनमीटर म्हणजे वीसेक मेगावॉट होतात. विजेत छोट्याला दार आणि गॅसमध्ये फक्त हत्तीला, असं का?

---

खानापूरकर

उद्यमबागेला दोन-चार विक्रेते मिळतील हो. आमच्याकडे कोण येणार? जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला जंगल, भीमगड अभयारण्य, घरं एकमेकांपासून हाकेवर नाहीत. विक्री सगळ्यांना खुली केली की सगळे तुमच्या भट्ट्यांच्या दाराशी रांग लावतील, कारण मलई तिथे आहे. एक कंपनी, अख्खा जिल्हा, ही अट असल्यामुळेच तिला निदान कागदावर तरी आमच्याकडे बघावं लागतं. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 47 लाखांच्या वर, क्षेत्रफळ 13,400 चौरस किलोमीटरच्या वर. एवढ्या जिल्ह्यात मलई किती आणि ताक किती ते तुम्हीच सांगा.

---

निपाणीचा टेम्पो

आपल्याला ते नियम-बियम कळत नाही बघा. माझा सीएनजी टेम्पो हाय, निपाणी-कोल्हापूर रोजची फेरी. कोगनोळीचा टोल ओलांडला की दूधगंगा, पलीकडं कागल. जिकडं त्या दिवशी दोन रुपये कमी आन् रांग आखूड, तिकडं मी भरतोय. कधी ह्या अंगाला, कधी त्या. मला दोन गॅसवाले हायत म्हणजे. टेम्पोला चाकं हायत म्हणून. भट्टीला चाकं लावा की!

---

भट्टीवाला (उद्यमबाग)

दादा, लाख बोललात.

---

वकील मॅडम (कॅम्प)

दोन गोष्टी मिसळल्या जात आहेत, त्या वेगळ्या करते.

दर. भट्टीवाले म्हणतात कंपनी दर ठरवते. ठरवणारच. मंडळाला ग्राहकाला लागणारी किंमत ठरवायचा अधिकारच नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये दिल्लीच्या कंपनीच्या खटल्यात सांगितलं. हे अनेकांना माहीत नसतं आणि लोक मंडळाकडे दराच्या तक्रारी पाठवत बसतात. म्हणजे आपल्याकडे अशी रचना झाली आहे की मक्तेदारी कायद्याने मिळते आणि किंमत मात्र बाजारभावाची. मला यात भट्टीवाल्यांची बाजू पटते. एक तर दरावर नियंत्रण हवं, नाही तर दुसरा विक्रेता. दोन्ही नाहीत, असं कसं चालेल?

मुदत. विक्रीची मक्तेदारी कागदावर संपते. ती संपली की जाळं इतरांना खुलं करायचे नियम मंडळाने 2020 मध्ये काढले. कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. तेव्हा "येऊ शकत नाही" हे उत्तर तुम्हाला ज्याने दिलं, त्याला विचारा, कोणत्या तारखेपर्यंत? परवान्याची तारीख आणि अटी मागून घ्या. तो व्यापारी गुपिताचा कागद नाही.

आणि एक गोष्ट कुणीच बोललं नाही. नैसर्गिक वायू जीएसटीत नाही. राज्य व्हॅट लावतं, आणि जीएसटीवाल्या कारखान्याला त्याचं क्रेडिट, म्हणजे आपल्या करातून वजावट, मिळत नाही. महाराष्ट्राने 1 एप्रिल 2022 पासून हा कर 13.5% वरून 3% केला. कागल आणि निपाणीत वीस-बावीस किलोमीटरचं अंतर, पण दोन राज्यांचे दोन कर आणि दोन परवाने. भट्टीवाल्यांची बिलं तपासली तर अर्धं रडगाणं बेंगळूरुच्या विधानसौधाकडे वळवावं लागेल.

---

सीमावासी

कर्नाटकात राहून अजून काय होणार! जोडणीचा अर्जसुद्धा कन्नड आणि इंग्रजीत. माझ्या आईने कशावर अंगठा उठवला हे तिला आजही माहीत नाही.

---

खानापूरकर

सीमावासी, दुखणं खरं आहे, पण गॅसचा परवाना केंद्राचा आहे, त्याला सीमाप्रश्नाचं लेबल लावू नका. पलीकडे कोल्हापूर जिल्ह्यातही परवाना एकाच कंपनीचा आहे. मराठीत अर्ज मिळाला म्हणून तिथल्या भट्टीवाल्याला दुसरा विक्रेता मिळालेला नाही.

---

सीमावासी

मराठीत अर्ज असता तर निदान काय सही करतोय ते कळलं असतं. एवढंच म्हणालो.

---

टिळकवाडीची वहिनी

तुम्हा पुरुषांचं मोठं गणित चालू आहे, मी घरचं सांगते. पाइपचा गॅस आला, टाकीची वाट बघणं संपलं, त्याबद्दल मी कुणाला नावं ठेवणार नाही. पण गल्ली दोनदा खोदली. एकदा पाइपसाठी, एकदा पाण्यासाठी, आणि मधल्या पावसात आमच्या सासूबाई त्या चरात घसरल्या. आता चार कंपन्या येणार म्हणजे चार चर?

---

भट्टीवाला (उद्यमबाग)

नाही वहिनी. चर एकच, पाइप एकच. मीटरमागचा विक्रेता फक्त बदलायचा, मोबाइलचा नंबर ठेवून कंपनी बदलतो तसं.

---

निवृत्त पाइपवाला

मोबाइलची उपमा ऐकायला गोड आहे, पण गॅस गळतो आणि सिग्नल गळत नाही. वहिनींच्या स्वयंपाकघरात वास आला तर फोन कुणाला? पाइपवाल्याला की विकणाऱ्याला? आजच्या घडीला उत्तर एक आहे, कारण मालक एक आहे. गॅसला वास मिसळण्यापासून गस्त आणि आपत्कालीन आराखड्यापर्यंत मंडळाचे सुरक्षा नियम त्या एका कंपनीच्या गळ्यात आहेत. सीएनजी पंप आणि दाबाच्या टाक्यांना नागपूरच्या स्फोटके सुरक्षा संघटनेची मंजुरी वेगळी. बाजारात उतरायची खरी फी हीच आहे. लोक परवान्याची किंमत बघतात, जबाबदारीची बघत नाहीत.

ब्रिटनने हे सोडवलं, नाही असं नाही. तिथे पाइप चालवणारा वेगळा, गॅस विकणारा वेगळा, आणि दोन्ही परवाने एका कंपनीला ठेवता येत नाहीत. वास आला तर फोन पाइपच्या बाजूला जातो. पण त्यांच्याकडे घरोघरी पाइप आधीच होते, सरकारी कंपनीने टाकलेले. आपण पाइप टाकतोय आणि बाजार मांडतोय, दोन्ही एकाच वेळी.

---

वकील मॅडम (कॅम्प)

काका, मग मोठ्या वाहिनीचं काय? गेल वाहिनीही चालवते आणि गॅसही विकते. तिथे तर पाइप टाकून झालेत. वेगळं करायची चर्चा किती वर्षं ऐकतोय?

---

निवृत्त पाइपवाला

तिथे तुमच्याशी वाद घालणार नाही. ती विभागणी झाली पाहिजे, आधीच व्हायला हवी होती.

---

साखरेच्या मागचा माणूस (चिकोडी)

सगळेजण दाभोळकडे तोंड करून बसलेत. आपल्या जिल्ह्यात उसाचा रस गाळून उरलेली मळी, म्हणजे प्रेसमड, पडून सडते. साखर कारखान्याच्या प्रेसमडपासून बायोगॅस करून तो दाबून भरता येतो. केंद्राची "सतत" योजना 1 ऑक्टोबर 2018 ची आहे. सीएनजी आणि घरगुती पाइप गॅसमध्ये असा बायोगॅस मिसळणं 2025-26 पासून बंधनकारक केलं, सुरुवात 1% पासून आणि 2028-29 ला 5%. म्हणजे वितरण कंपनीला तो कुणाकडून तरी घ्यावाच लागणार. बाजारात शिरायचं तर ग्राहक म्हणून कशाला, पुरवठादार म्हणून शिरा. शिवाय द्रवरूप गॅसच्या पंपाला, एलएनजीला, भौगोलिक क्षेत्राची अट नाही, हे मंडळाने 2020 मध्येच स्पष्ट केलंय. पुणे-बेंगळूरु महामार्ग दाराशी आहे.

---

खानापूरकर

प्रेसमडचा प्लांट किती कोटींचा हेही सांगा की. भट्टीवाल्यांना टाकी परवडेना आणि तुम्ही त्यांना प्लांट टाकायला सांगताय.

---

साखरेच्या मागचा माणूस (चिकोडी)

बाराजणांना नाही, कारखान्याच्या संचालकांना सांगतोय. ते निवडणुकीतून मोकळे झाले तर.

---

शहापूरचा व्यापारी

मला एक सांगा. 2022 मध्ये युक्रेनचं युद्ध पेटल्यावर आयात गॅसचे दर भडकले, तेव्हा गुजरातेतल्या मोरबीच्या टाइल्सवाल्यांनी पाइपचा गॅस सोडून प्रोपेन धरला. उद्योगवाले असेच. स्वस्त असेल तेव्हा पाइप, महाग झाला की टाकी. मग कंपनीने "ठरलेल्या मापाचे पैसे भरा" ही अट का घालू नये? देशातला स्वस्त गॅस आधी घरांना आणि सीएनजीला जातो, कारखान्याच्या वाट्याला बहुतेक आयातीचा. तो आणणाऱ्यानेही कुणाला तरी शब्द दिलेला असतोच.

---

भट्टीवाला (उद्यमबाग)

शहापूरकर, हा मुद्दा लागला. मीही उद्या एलपीजी स्वस्त झाला तर पळेन, खोटं कशाला बोलू. पण मग पळायला दोन्हीकडे मोकळीक हवी. ठरलेल्या मापाची अट मला मान्य आहे, पण माप महिन्याचं नको, वर्षाचं हवं. दिवाळीचे पंधरा दिवस मार्चमध्ये भरून काढतो. एवढं कंपनी देऊ शकते, त्याला दिल्लीचा कायदा बदलावा लागत नाही.

बाकी चार विक्रेत्यांची मागणी मी सोडलेली नाही. 50,000 ची मर्यादा खाली आणायचं निवेदन मंडळाला जाणारच. वकील मॅडम, मसुदा बघाल का? मराठीतही एक प्रत काढू, सीमावासींच्या आईंसाठी.

उद्यमबागेतल्यांनी रविवारी दहाला माझ्या शेडवर यावं. गेल्या तीन महिन्यांची एलपीजीची बिलं आणि ज्यांच्याकडे करारनामा आला असेल त्यांनी तो आणावा. कर, दर आणि भाडं वेगवेगळे मांडून बघू.

---

निपाणीचा टेम्पो

रविवारी मी बेळगावातच हाय, माल उतरवायला. चहा ठेवा.