केसेस उतरवून भागणार नाही

नर्सिंग शिकणाऱ्या मुलांनी लेबर रूमबाहेर (बाळंतपणाच्या खोलीबाहेर) थांबावं आणि मुलींच्या वहीतून केसेस, म्हणजे बाळंतपणांच्या नोंदी, उतरवाव्यात, असं या चर्चेत वर कुणीतरी सुचवलंय. अजिबात पटलं नाही. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) असो की बीएस्सी नर्सिंग, आपली नोंदणी नर्स आणि मिडवाइफ (सुईण) अशी दोन्ही होते. बाळंतपणात वार (प्लासेंटा) पडल्यावर पोटावरून गर्भाशय चाचपतात ना, बेंबीखाली कडक गोळा लागला तर ठीक. मऊ लागला की लगेच चोळायला घ्यायचं आणि सिस्टरना हाक मारायची, रक्तस्राव सुरू असू शकतो. हा फरक वहीतून कसा कळणार? आधी सरावाच्या पुतळ्यावर हात बसवा, मग सिस्टरसोबत पेशंटवर.

सोलापुरात मला लाजेपेक्षा भाषा जास्त नडली. शहराच्या पूर्व भागातल्या बायका तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडच्या कन्नड. वॉर्डातल्या मावशींकडून ‘कळ कधीपासून येतेय’, ‘हात लावून बघू का’ एवढं तरी शिकून घ्या. परवानगी त्या बाईचीच घ्यायची, सासूने मान डोलावली म्हणजे झालं असं नाही (सासवा बऱ्याचदा आधी डोलावतात!). पडदा ओढलेला हवा, सोबत सिस्टर हवीच. बाई नको म्हणाली तर मुकाट बाजूला व्हा आणि तेवढ्या वेळात बाळाचं वजन, पार्टोग्राफच्या (प्रसूती कशी पुढे सरकतेय त्याच्या तक्त्याच्या) नोंदी बघा. व्हायव्हाला (तोंडी परीक्षेत) पार्टोग्राफ हमखास विचारतात.