जुन्या अँबॅसिडरचे पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावे का?

रावपुराकर :
आमच्या घरी १९६८ सालची अँबॅसिडर मार्क टू आहे आणि तिचे १४८९ सीसीचे इंजिन आजही मूळचेच आहे. गेल्या उन्हाळ्यात पावागडहून बडोद्याला परतताना ती जरोदजवळ भर दुपारी बंद पडली. प्लगांना पाळीपाळीने वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडली तेव्हा पॉइंट, म्हणजे उघडझाप करून स्पार्क पाडणारे धातूचे संपर्क, काळेठिक्कर पडले होते आणि त्यांच्यातील गॅप जवळपास मिटली होती. कॅमवर घासणारी फायबरची टाच झिजली की गॅप कमी होते, स्पार्क उशिरा पडतो आणि गाडी ओढत नाही, हे चक्र मी वीस वर्षे सांभाळले. आता पॉइंट आणि कंडेन्सर काढून त्या जागी हॉल सेन्सरचा (चुंबकाच्या साहाय्याने, न घासता स्पार्कचा क्षण ओळखणारा) इलेक्ट्रॉनिक संच बसवावा आणि स्पार्क जोरदार मिळणार असल्यामुळे प्लगची गॅप ०.६५ मिलिमीटरवरून ०.९ करावी, असे माझे मत झाले आहे. विरोध असल्यास कारणासह मांडावा.

दांडियाबाजारकर :
माझा विरोध आहे, आणि तो केवळ जुन्याच्या प्रेमापोटी नाही. टाच झिजणे हा पॉइंटांचा दोष खरा, परंतु पॉइंट जळतात ते बहुधा कंडेन्सरमुळे. पॉइंट उघडताना त्यांच्यात ठिणगी पडू नये हे त्याचे काम, आणि हल्ली मिळणारे कंडेन्सर अनेकदा सुमार निघतात. पॉइंट बिघडले तर डोळ्यांना दिसतात आणि पॉलिश पेपर, स्क्रूड्रायव्हर व गॅप मोजायच्या पट्ट्यांचे फीलर गेज एवढ्यावर घर गाठता येते; संचातील इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल मात्र कुठलीही चाहूल न देता मरते. इंजिन बंद असताना चावी चालू राहिली तर काही संच तापून जळतात. शिवाय प्लगसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलचा रोध मोजल्याशिवाय संच खरेदी करू नये, कारण १२ व्होल्टवर ३ ओहमची कॉइल ४ अँपिअर खेचते, तर १.५ ओहमची ८ अँपिअर, आणि तेवढा प्रवाह साधे मॉड्यूल सोसेलच असे नाही.

०.९ ची गॅप तर मला मुळीच पटत नाही. गॅप वाढली की ती ओलांडायला अधिक व्होल्टेज लागते, आणि प्लगमध्ये वाट कठीण झाली की तेच व्होल्टेज जुन्या कॅपमधील बारीक तडा, तिच्याखाली फिरणारा रोटर किंवा वायरचे विटलेले रबर शोधून तिथूनच निसटते. पावसाळ्याच्या दमट हवेत हे फार लवकर होते. वापरात इलेक्ट्रोड झिजून गॅप आपोआप वाढतच असते, हेही विसरू नये. (आमचे एक मिस्त्री हॅक्सॉ ब्लेडची पाठ घालून गॅप लावत. ते ब्लेड साधारण ०.६५ मिलिमीटर जाड असल्यामुळे प्लगचे काम चोख होई. परंतु त्याच ब्लेडने ते पॉइंटही लावत, जिथे ०.३५ ते ०.४० हवे, आणि मग टायमिंग पुढे सरकून गाडी चढावर नॉक करी, म्हणजे इंजिनात ठोके पडत.)

विश्वामित्रीकाठ :
काका, गॅपबद्दल आपले म्हणणे मान्य आहे, बाकीचे नाही. चार सिलिंडरच्या इंजिनात ३००० आरपीएमला सेकंदाला १०० स्पार्क पडतात, म्हणजे पॉइंट सेकंदाला १०० वेळा आपटतात. त्यात डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट डुलत असेल तर प्रत्येक सिलिंडरला पॉइंट वेगळ्या अंशावर उघडतो, आणि फीलर गेजने कितीही निगुतीने लावलेली गॅप चालत्या इंजिनात टिकत नाही. सेन्सरला घासणारा भागच नसतो. मॉड्यूल मेल्यास जुनी पॉइंटची प्लेट डिकीत असावी. पंधरा-वीस मिनिटांत ती परत बसते. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांवरील गाडीची व्हिंटेज नोंदणी करायची तर ती मूळ रूपात हवी, हे खरे. पण तिथे रोख चॅसिस, बॉडी आणि इंजिनातील मोठ्या फेरफारांवर आहे, कॅपखालच्या सेन्सरवर नाही.

दांडियाबाजारकर :
शाफ्ट डुलत असेल तर त्याला आधार देणारे बुश बदलावे. डुलत्या शाफ्टवर सेन्सर बसवणे म्हणजे ताप उतरवायला थर्मामीटर बदलण्यासारखे आहे.

रावपुराकर :
आज हाताने हलवून पाहिले; शाफ्ट खरोखरच डुलतो. कॉइल ३.१ ओहम भरली आणि बॅटरीचे ऋण टोक बॉडीला आहे, त्यामुळे संच घेण्यास अडचण दिसत नाही. तरीही आधी बुश आणि चांगला कंडेन्सर टाकून एक पावसाळा पाहतो. प्लग ०.६५ वरच राहतील.

विश्वामित्रीकाठ :
पावसाळ्यानंतर संचाचा विषय मी पुन्हा काढीन. प्लग लावताना फक्त बाजूचा इलेक्ट्रोड वाकवावा. मधल्यावर टेकू देऊन जोर लावला तर चिनी मातीला तडा जातो, आणि मग मिसिंगचा (मध्येच स्पार्क चुकण्याचा) दोष तुम्ही पुन्हा पॉइंटांत शोधत बसाल.