साडेसहा वर्षांनी चिपळूणला

विषय: मुलांना घेऊन आजी-आजोबांकडे, थोडा सल्ला हवा आहे

नमस्कार मंडळी,

१४ जून २०२५ला आम्ही निघतोय. माझं माहेर चिपळूणचं. शेवटचं गेलो ते २०१८च्या डिसेंबरात. लेक तेव्हा चार वर्षांची होती, आता पाचवी संपली तिची. धाकटा २०१९चा, त्याने चिपळूणच्या आजी-आजोबांना आजवर फक्त फोनवरच पाहिलंय.

इतकी वर्षं कशी गेली ते इथल्या बऱ्याच जणांना वेगळं सांगायला नको. २०२०च्या मे महिन्याची तिकिटं काढली होती. मार्चमध्ये विमानं थांबली आणि नेहमीची उड्डाणं सुरू व्हायला २७ मार्च २०२२ उजाडला. मधल्या काळात, २२ जुलै २०२१ला, चिपळूणला पूर आला. आईबाबा शेजाऱ्यांच्या गच्चीवर होते आणि मी इथे अमेरिकेत, टेक्सासमधल्या प्लेनोत, पुन्हा पुन्हा फोन लावत बसले होते. पुढची तीन वर्षं स्टॅम्पिंगच्या, म्हणजे पासपोर्टवर नवा व्हिसा घेण्याच्या, भीतीत गेली. पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला, म्हणजे परत येताना मुंबईत मुलाखत आलीच. तिथे कागद अडकले तर नोकरी, घराचे हप्ते, मुलांची शाळा, सगळंच अडकणार. आणि ग्रीन कार्डच्या रांगेत कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांच्या वर वाटा नाही, त्यामुळे ती रांग संपायची वाट बघण्यात अर्थ नव्हता.

फेब्रुवारीत बाबा न्हाणीघरात पडले. वय ८१. हाड मोडलं नाही, पण त्यानंतरच्या फोनवर म्हणाले, "आता येऊन जा गो." बाबांनी आजवर कधी "ये" म्हटलं नव्हतं. त्याच रात्री तिकिटं काढली.

पाच आठवडे आहेत. मुंबईत स्टॅम्पिंग, मग पुणे, नाशिकला सासर, मुलांनी भारत फिरून पाहिलेला नाही म्हणून सहा दिवस जयपूर-आग्रा, आणि शेवटी दहा दिवस चिपळूण. जमेल का हे? आणि ज्यांना कधी नीट भेटलेलीच नाहीत त्या माणसांजवळ मुलं रुळतात का? कोणी असं जाऊन आलं असेल तर कळवा.

– प्लेनोहून

*

ताई,

आधी कागदांचं. मुलांची ओसीआय कार्डं (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ती) काढून बघा. सोळा वर्षांखालच्या मुलांचा अमेरिकन पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, म्हणजे तुमच्या लेकीचा मधल्या काळात बदलला असणार. विसाव्या वर्षापर्यंत दर नव्या पासपोर्टला त्याची प्रत आणि मुलाचा नवा फोटो ओसीआयच्या संकेतस्थळावर चढवावा लागतो. कार्डच बदलायचं ते विसाव्या वर्षानंतर नवा पासपोर्ट निघाला की, एकदाच. २०२१पासून असा नियम आहे, तरी अनेकांच्या हे लक्षात विमानतळावर येतं. टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए ह्या लशींचं मुलांच्या डॉक्टरांना आत्ताच विचारा, शेवटच्या आठवड्यात नको. स्टॅम्पिंग मात्र अगदी सुरुवातीला उरकून घ्या.

आता मनातलं. जयपूर-आग्रा काढून टाका. मी २०१२मध्ये सहा वर्षांनी सोलापूरला गेलो होतो, तीन आठवड्यांसाठी. एक लग्न, एक मुंज, एक वास्तुशांत, मित्रांबरोबर महाबळेश्वर. आईच्या वाट्याला तीन दिवस आले, तेही पाहुण्यांनी भरलेले. निघताना ती म्हणाली, "तुझ्याशी बोलायचं राहिलंच बघ." पुढच्या फेब्रुवारीत ती गेली. काय बोलायचं होतं ते मला आजही माहीत नाही. माझ्या मुलांना तर तिचा आवाजसुद्धा आठवत नाही.

चिपळूण शेवटी ठेवू नका. आधी तिथे जा, आणि उरतील ते दिवस बाकीच्यांना द्या.

– अर्व्हिंगहून, काका

*

नमस्कार,

मी इथेच वाढले, मराठी मंडळाच्या शाळेत शिकले. लिहिताना चुकलं तर समजून घ्या.

२०२३मध्ये मी नऊ वर्षांनी एकटीच कोल्हापूरला आजीकडे गेले. तिला आता फार काही आठवत नाही. ती मला माझ्या आत्याच्या नावाने हाक मारायची. पहिल्या दिवशी मी तीनदा सांगितलं की मी आत्या नाही, मी तुझी नात. प्रत्येक वेळी तिचा चेहरा घाबरल्यासारखा व्हायचा. चौथ्यांदा मी नुसती ओ दिली. तिने मला पुढ्यात बसवलं आणि वेणी घालायला लागली, शाळेला उशीर होतोय म्हणाली. माझे केस खांद्यापर्यंतच आहेत, वेणी येत नव्हती. तरी तिने रिबन बांधली. ती रिबन मी जपून ठेवली आहे.

तुमच्या मुलीला एक गोष्ट जाण्याआधी शिकवा: "मला कळलं नाही, परत सांग" हे मराठीत म्हणायला. आम्ही लाजतो आणि कळलं नाही तरी हो-हो म्हणतो. मग आजी-आजोबांना वाटतं सगळं कळलं, आणि बोलणं तिथेच थांबतं.

– ऑस्टिनहून

*

विषय: उत्तर: जाऊन आलो

नमस्कार मंडळी,

येऊन तीन आठवडे झाले. लिहायला बसले की हात थांबत होता, म्हणून उशीर.

काकांचं ऐकलं. जयपूर-आग्रा रद्द केलं. स्टॅम्पिंग पहिल्याच आठवड्यात झालं, पासपोर्ट हातात यायची वाट न बघता आम्ही सकाळची मांडवी एक्सप्रेस पकडून चिपळूण गाठलं. नाशिकला मी सासूबाईंना फोन करून खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही कशाला येताय, आम्हीच येतो तिकडे," आणि खरंच दोघं चार दिवस येऊन राहिले. त्या दोघांनी मुलांना इथे येऊन दोनदा पाहिलंय. माझ्या बाबांना डॉक्टर विमानप्रवास करू देत नाहीत आणि आई त्यांना सोडून येत नाही. चिपळूणला चोवीस दिवस मिळाले.

यंदा पाऊस लवकर आला होता, मुंबईत २६ मेलाच. आम्ही पोचलो तेव्हा अंगण शेवाळलेलं होतं. आई ओटीवर उभी होती. लेक रिक्षातून उतरली आणि आई बघतच राहिली. "अगो बाई, ही एवढी?" लेक माझ्या हनुवटीला लागते, आईपेक्षा चार बोटं उंच. गेल्या साडेसहा वर्षांत एक रविवार चुकला नसेल, पण फोनवर आईने नातीला कायम छातीपर्यंतच पाहिलं होतं. उंची कधी दिसलीच नव्हती. आणि रात्री लेकीने मला हळूच विचारलं, "आजी अशी का चालते?" आई भिंतीला हात लावत, एक पाय ओढत चालते. मला माहीत नव्हतं. माझ्या फोनवर ती कायम बसलेली असायची.

बाबांचंही तसंच. फोनवर ते "बरं, बरं" एवढंच म्हणायचे, आणि मुलांना वाटायचं आजोबांना बोलायला आवडत नाही. त्यांना उजव्या कानाने जवळजवळ ऐकूच येत नाही. डाव्या बाजूला बसलं की तासन् तास बोलतात.

पहिला आठवडा अवघड गेला, तो लपवत नाही. आई सारखी वाढत होती, लेक "नको" म्हणत होती, आई गप्प होत होती. बाबांनी "पाय खाली घे" म्हटलं की लेकीचे डोळे भरायचे. आणि मी मध्ये बसून दोन्हीकडचं दोन्हीकडे सांगत होते. आईला वाईट वाटू नये म्हणून थोडं गोड करून, लेकीला लागू नये म्हणून थोडं वगळून. मंडळी, माझी चूक ती. मी मध्ये असेपर्यंत ती चौघं एकमेकांकडे न बघता माझ्याकडेच बघत होती. आठव्या दिवसापासून मी रोज दुपारी दोन तास घराबाहेर राहायला लागले. भाजी आणायला, मैत्रिणीकडे, कधी नुसती एसटी स्टँडपर्यंत. पहिल्या दिवशी परत आले तर लेक आजीला म्हणत होती, "मला कळलं नाही, परत सांग." ऑस्टिनच्या मुलीचे मनापासून आभार.

धाकटा चार दिवस माझ्या मागेच लपला होता. आईने त्याला एकदाही ओढलं नाही, पापा मागितला नाही. ती माजघरात फणसाच्या आठळ्या सोलत बसायची. उकडलेल्या आठळीचं वरचं पांढरं साल नख लावलं की टचकन सुटतं, आतलं तपकिरी चिकटून राहतं. पाचव्या दिवशी तिने मूठभर आठळ्या स्वतःपासून हातभर लांब ठेवल्या आणि काहीच बोलली नाही. तो आला, बसला, एक उचलली. नख लावता येईना. आईने आपल्या हातातली त्याला दिसेल अशी धरली आणि सावकाश सोलून दाखवली. संध्याकाळपर्यंत दोघांनी मिळून अख्खं पातेलं संपवलं. त्यानंतर तो आईच्याच अंथरुणात झोपायला लागला.

बाबा पडल्यापासून वाचनालयात गेले नव्हते. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४चं आहे, आणि बाबांची दुपार वर्षानुवर्षं तिथेच जायची. २०२१च्या पुरात तिथलीही पुस्तकं गेली, २००५मध्येही गेली होती. लेक त्यांना रिक्षाने घेऊन गेली, हात धरून पायऱ्या चढवल्या. बाबा भेटेल त्याला सांगत होते, "ही माझी नात, मराठी वाचते."

आता जे सांगायचंय ते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री पावसाने जोर धरला. पुरानंतर वाशिष्ठी नदीतला गाळ काढायचं काम झालं, पण त्या दिवसापासून बाबा जोराच्या पावसात झोपत नाहीत. जिन्यात सातव्या पायरीवर त्यांनी खडूने रेघ मारलीय, पाणी तिथवर आलं होतं. लेकीला जाग आली आणि ती त्यांच्याजवळ, डाव्या बाजूला, जाऊन बसली. वेळ जावा म्हणून असेल, बाबांनी कपाटावरून जुनी कालनिर्णयं काढली.

दर रविवारच्या चौकोनात पेन्सिलीने बारीक अक्षर. आमचा फोन इथे शनिवारी रात्री साडेआठला, म्हणजे तिथे रविवारी सकाळी सातला, आणि इथली घड्याळं मागे गेली की आठला. बाबांनी तो ७ आणि ८ सुद्धा न चुकता लिहिलाय. खाली प्रत्येक फोनचं काहीतरी. "वरचा दात पडला." "सायकल, आधाराशिवाय." "धाकटा आजोबा म्हणाला." ज्या फोनमध्ये ते "बरं, बरं" म्हणत होते, त्यातलं जेवढं ऐकू आलं तेवढं लिहून ठेवलेलं. न कळलेलं आईला विचारून लिहिलेलं, ते शाईच्या पेनने.

लेक एकेक चौकोन वाचत होती. २०२३च्या नोव्हेंबरात एका रविवारी लिहिलंय, "रडली होती. कारण सांगितलं नाही." ती थांबली. मग तिने दीड वर्षांपूर्वीचं ते कारण आजोबांना सांगितलं, रात्री दोन वाजता, मराठीत, अडखळत, मध्ये दोनदा शब्द शोधत. मी माजघरात जागी होते, सगळं ऐकलं. मलाही ते माहीत नव्हतं. इथे लिहीत नाही, ते त्या दोघांचं आहे. बाबा ऐकून झाल्यावर म्हणाले, "बरं केलंस सांगितलंस," आणि पेन्सिल शोधायला लागले.

ऑगस्ट २०२१च्या आधीचं मात्र एकही पान नाही. ती कालनिर्णयं खालच्या कपाटात होती, पुरात गेली. म्हणजे लेकीची सुरुवातीची वर्षं आणि धाकट्याचा जन्म. पुढचे आठ-दहा दिवस रोज संध्याकाळी ती माझा फोन घेऊन बसायची, जुने फोटो काढायची, त्यावरची तारीख वाचायची आणि बाबा दोनशे पानी वहीत लिहून घ्यायचे. "१२ ऑक्टोबर २०१९, धाकटा पहिल्यांदा उपडा पडला." फोटो नसेल तिथे मला विचारायची. मला आठवत नसेल तिथे बाबा जागा कोरी सोडायचे, पुढे आठवेल म्हणून. अजून २०२०चा मार्चच चाललाय. वही तिथेच राहिलीय, रोज थोडं थोडं फोनवर चालू आहे.

डिसेंबरात जाणाऱ्या दोघातिघांनी वेगळ्या मेलने विचारलं, सोबत काय न्यावं. चॉकलेटं नेली होती, ती गल्लीत वाटली गेली. उपयोगी पडला तो न्हाणीघरात भिंतीला बसवायचा दांडा, तोही चिपळूणच्याच दुकानात मिळाला. पोचल्यावर पहिल्याच दिवशी आजी-आजोबांना घरात चालताना, उठताना, जिना चढताना नुसतं बघा. काय हवंय ते ते स्वतः सांगणार नाहीत.

काल शनिवार होता. साडेआठ वाजले तसा लेकीने फोन हातात न धरता समोरच्या पुस्तकांच्या फळीवर टेकवला आणि मागे सरकत सरकत सोफ्याला जाऊन टेकली. तिकडून आईचा आवाज आला, "अजून थोडी मागे हो गो, पाय दिसत नाहीत."

– प्लेनोहून