डेलावियागाला परत गेलो तेव्हा

कोणीतरी विचारलंय ना, तरुणपणीच्या डिस्क गोल्फ कोर्सवर (जिथे चेंडूऐवजी डिस्क, म्हणजे फ्रिस्बीसारखी तबकडी, लांबच्या बास्केटमध्ये टाकायची असते) परत गेलं की निराशाच होते का, तर माझं उत्तर अर्धं हो अर्धं नाही. कॅलिफोर्नियात सान होजेला नोकरीच्या पहिल्या वर्षांत आम्ही तिघं दर शनिवारी हायवे १७ ची वळणं घेत सांताक्रूझच्या डेलावियागाला जायचो, कोर्स १९८४ चा, सगळा ओकच्या झाडीतला आणि उतारावरचा. परवा १६ वर्षांनी लेकीला घेऊन गेलो. पहिल्याच थ्रोला डिस्क झाडावर, मग घळीत, आणि तिथे पॉयझन ओक (अंगाला लागलं की खाज सुटते ते झुडूप) असतं हे मी साफ विसरलेलो 😅 (दोन दिवस खाजवतोय). गुडघे पण बोलायला लागले.

पण शेवटचं २७ नंबरचं होल (कोर्सचा एकेक टप्पा म्हणजे होल), टॉप ऑफ द वर्ल्ड म्हणतात ते, तिथे उभं राहिलं की खाली उतार आणि लांबवर मॉन्टेरे बे दिसतो, ते अगदी तसंच आहे हो. डिस्क सोडली की बराच वेळ नुसती तरंगत राहते. बास्केटपर्यंत तेव्हाही पोचायची नाही, आताही नाही. लेक म्हणे, बाबा अजून एकदा टाका ना. मागे लोक थांबलेले, तरी टाकली.