मदत हवी आहे: जांबोटीकडच्या थंडीत एलएफपी बॅटरी पहाटेसाठी कशी तयार ठेवावी?

नमस्कार मंडळी,

आम्ही खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला राहतो. इलेक्ट्रिक कारचा हा पहिलाच हिवाळा; बॅटरी एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटची. बायको बेळगावात नर्स आहे. सकाळची ड्युटी असली की उजाडायच्या आत निघावं लागतं. दिवाळी झाल्यापासून पहाटे सुरुवातीचे काही किलोमीटर चार्ज भराभर उतरतो, आणि अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला तरी रीजन (वेग कमी होताना बॅटरीत परत चार्ज भरणारं ब्रेकिंग) पकडत नाही. डॅशबोर्डवरची हिरवी पट्टी अर्ध्यातच अडकते. दुपारी त्याच रस्त्यानं येताना सगळं ठीक असतं.

नेटवर वाचायला मिळतं ते बहुतेक नॉर्वे-कॅनडातलं. शून्याखाली चार्जिंग केलं तर सेलमध्ये लिथियमचा थर बसतो, ही भीती तिकडची. आमच्याकडं पारा बारा-तेराच्या आसपास, झाडीत थोडा कमी. पण गारठ्यात सेलचा अंतर्गत रोध वाढतो आणि एलएफपीला तो जास्त जाणवतो, हे इथंही लागू असणार. सर्व्हिस सेंटरात विचारलं तर ‘आपल्याकडं कुठली आलीय एवढी थंडी’ म्हणून विषय संपवला.

सध्या रात्री आल्या आल्या चार्जिंगला लावतो. मध्यरात्रीच चार्ज पूर्ण होतो आणि पहाटेपर्यंत बॅटरी पुन्हा गार. टायमर लावून निघायच्या जरा आधी चार्ज संपवावा, असं म्हणतात. पण माझ्याकडं साधा पंधरा अँपिअरचा सॉकेट आहे. एवढ्या सावकाश चार्जिंगनं बॅटरीला ऊब येते का? की गाडी प्लगला असतानाच हीटर लावून केबिन तेवढं गरम करून घ्यावं? काच आतून धुरकट होते, त्यामुळं हीटर-एसी टाळताच येत नाही. गाडी गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये असते, बाजू उघड्या. ताडपत्री बांधून उपयोग होईल का?

खरी काळजी चोर्ला घाटाची आहे. बायकोचं माहेर गोव्यात, साखळीला. कणकुंबी सोडलं की पुढं घाटाचा उतार, आणि चार्ज शंभर टक्के असला तर रीजनला जागाच नसते. त्यात बॅटरी गार. सगळा भार ब्रेकवर, मागच्या सीटवर पोरं. कंपनी सांगते एलएफपी आठवड्यातून एकदा शंभर टक्के करा, नाहीतर टक्केवारी चुकीची दिसते. मग शंभर टक्के बेळगावच्या फेरीआधी करून घाटाच्या दिवशी ऐंशीवर थांबवावं, असं माझ्या मनात आहे. बरोबर आहे का?

टायरची हवा पहाटे, टायर गार असतानाच बघतो. पाच-सहा अंशांमागं साधारण एक पीएसआय उतरते, त्यामुळं दुपारी पंपावर भरलेली हवा पहाटे कमीच निघते.

जांबोटी, चंदगड, आंबोली भागात एलएफपीची गाडी चालवणारं कुणी असेल तर कृपया सांगा: चार्जिंग किती वाजता संपवता, आणि घाट उतरायला किती टक्क्यांवर सुरुवात करता?